चीड आणि चिडचिड : काही इंग्रजी शब्दांच्या निमित्ताने

आपल्या वसतिशाळेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असा निरोप आला तेव्हा आठवणी लिहाव्यात, असेच प्रथम मनात आले. पहाटेची वंदना, थंड पाण्याची आंघोळ, दिव्याखाली ओळीने बसून केलेला अभ्यास यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु त्या आठवणी माझ्याहून सरस लिहिणारे अनेक माजी विद्यार्थी आहेत. मी आयुष्यभर मध्य मुंबईत इंग्रजी शिकवली. तेव्हा माझ्या कामातलाच एक विषय घेऊन त्यावर माझे मत मांडावे, हे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटले. धाडस, कटुता आणि चीड या तीन भावनांसाठी इंग्रजीत जे शब्द आहेत, ते आपण आपल्या मुलांना कसे शिकवतो, किंबहुना शिकवतच नाही, हा तो विषय होय.

विषय किरकोळ वाटेल. पण माझा अनुभव असा, की आपल्या मुलांना या तिन्ही भावनांसाठी मिळून दोनच इंग्रजी शब्द नीट येतात : ‘ब्रेव्ह’ आणि ‘अँग्री’. पहिला शूराचा, दुसरा रागावलेल्याचा. पुढे हीच मुले नोकरीत, महाविद्यालयात, कचेरीत जातात, तेव्हा त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते या दोन शब्दांत कधीच लिहिलेले नसते. तेथे ‘इन्सोलंट’ असते, ‘अ‍ॅब्रेसिव्ह’ असते, ‘इम्पर्टिनंट’ असते, ‘बिटर’ असते. आपल्यावर काय आरोप आहे हेच ज्याला कळत नाही, त्याला तो खोटा असल्यास नाकारता येत नाही आणि खरा असल्यास स्वतःत सुधारणाही करता येत नाही. हा प्रश्न केवळ शब्दसंग्रहाचा राहत नाही, तो इथे आहे.

माझ्या बाबतीत ही गोष्ट फार लवकर घडली. १९६८ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वसतिशाळेतून लालबागला घरी आलो होतो. आमच्या चाळीत गिरणीच्या भोंग्यावर दिवस चाले. पाळी बदलली की जिन्यात चपलांचा आवाज होई, आणि त्यावरून किती वाजले ते कळे. एका संध्याकाळी शेजारच्या खोलीतले काका दारात येऊन उभे राहिले. ते गिरणीत बदली कामगार होते. हातात घडी घातलेला कागद होता. म्हणाले, “बाळ, तू इंग्रजी शिकतोस ना? एवढं वाचून सांग. चार्जशीट दिलंय साहेबानं.”

कागदावर चार-पाच ओळी टंकलेल्या होत्या. बाकीचे मी कसेबसे लावले, पण दोन शब्द अडले : ‘इन्सोलन्स’ आणि ‘इनसबऑर्डिनेशन’. मी शब्दकोश काढला, पाने उलटली आणि मोठ्या उत्साहाने सांगितले, “काका, तुम्ही उद्धटपणा केलात, असं लिहिलंय. आणि वरच्याचं ऐकलं नाहीत, असं.”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी तर हात जोडून विचारलं होतं रे.”

त्यांनी काय विचारले होते, ते नंतर वडिलांकडून कळले. इतकी वर्षे बदलीवर काढल्यावर मला विणाई खात्यात का घेत नाही, एवढेच. या प्रश्नामागे मोठा इतिहास होता. मुंबईच्या गिरण्यांतील विणाई खाते, जिथे मजुरी जास्त, ते अस्पृश्य कामगारांना एके काळी बंद होते. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि ज्याला आमच्या माणसाचे तोंड लागले तो धोटा इतर कामगार हातात घेणार नाहीत, असे कारण त्यासाठी सांगितले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. काकांच्या काळी कायदा बदलला होता आणि कारण कोणी तोंडाने सांगत नव्हते. पण प्रश्न विचारणाऱ्याला काय म्हणायचे, तो शब्द मात्र तयार होता.

‘इन्सोलंट’ या शब्दाची व्युत्पत्ती मला पुढे महाविद्यालयात कळली. मूळ लॅटिन शब्द ‘सवय असणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे, आणि त्याला नकार जोडला आहे. म्हणजे इन्सोलंट याचा मूळ अर्थ ‘ज्याची सवय नाही असा’, आपल्या भाषेत ‘शिरस्त्याबाहेरचा’. त्या दिवशी मला काकांची फार आठवण झाली. मी त्यांना चुकीचा अर्थ सांगितला होता, असे नाही. शब्दकोशात तोच होता. पण मला थोडे अधिक ठाऊक असते, तर मी म्हणालो असतो, “काका, तुम्ही शिरस्त्याबाहेरचं विचारलंत, एवढंच यात लिहिलंय. तुम्ही वाईट वागलात, असं नाही.” तोवर काका राहिले नव्हते.

शिरस्त्याबाहेर वागणे, हाच जर उद्धटपणा असेल, तर २० मार्च १९२७ हा दिवस आपल्या इतिहासातील सर्वांत मोठ्या उद्धटपणाचा दिवस मानावा लागेल. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ सालीच संमत केला होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर सर्व काही होते. फक्त शिरस्ता नव्हता. बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्याच्या पायऱ्या उतरली आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा कायदा मोडला नाही, शिरस्ता मोडला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि दहा वर्षे चालले. प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की हे तळे आमच्याच वापरात असण्याचा रिवाज पुरातन आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. असा अनादी काळापासूनचा रिवाज फिर्यादींना सिद्ध करता आला नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्या शिरस्त्याच्या आधारे हजारो माणसांना उद्धट ठरवले गेले, तो शिरस्ता पुराव्याच्या कसोटीवर उतरला नाही.

धाडसाच्या शब्दांचे हे वैशिष्ट्य नीट ध्यानात घेतले पाहिजे. ते जोडीने येतात. एकाच कृतीला इंग्रजीत ‘बोल्ड’ म्हणता येते आणि ‘इन्सोलंट’ही. ‘करेजस’ म्हणता येते आणि ‘ऑडेशस’ही; या दुसऱ्या शब्दात कौतुक आणि धिक्कार दोन्ही मावतात. मराठीतही तसेच आहे. धीट आणि उद्धट, बाणेदार आणि मुजोर, स्पष्टवक्ता आणि फाटक्या तोंडाचा. साहेबाचा मुलगा प्रश्न विचारतो तेव्हा तो चुणचुणीत असतो. शिपायाचा मुलगा तोच प्रश्न विचारतो तेव्हा तो आगाऊ असतो. मोल्सवर्थने १८३१ मध्ये आणि सुधारून वाढवून १८५७ मध्ये मुंबईत आपला थोर मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. तेव्हापासून आपल्याजवळ प्रतिशब्दांची वाण नाही. पण कोणताही कोश शब्दाचा अर्थ देतो. तो शब्द कोण कोणाला कोणत्या पायरीवरून म्हणतो, ते देत नाही. ते शिक्षकाने सांगायचे असते.

आता चिडीकडे वळू. या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडे ‘चीड’ आहे आणि ‘चिडचिड’ आहे. दिसायला एकाच घरातले शब्द, पण स्वभाव वेगळे. उकाड्याने, गाडीच्या गर्दीने, रात्री झोप न झाल्याने होते ती चिडचिड. अन्याय पाहून येते ती चीड. इंग्रजीत पहिलीला ‘इरिटेशन’ म्हणतात. तीच वारंवार होऊन माणूस अगदी जेरीस आला, की ‘एक्झॅस्परेशन’. या शब्दाच्या मुळाशी ‘खरखरीत’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. मन घासून घासून खरखरीत होणे, हे त्याचे चित्र. दुसरीला मात्र ‘इंडिग्नेशन’ म्हणतात, आणि हा शब्द मी प्रत्येक वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असे. कारण ‘डिग्निटी’ आणि ‘इंडिग्नेशन’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. माणसाच्या योग्यतेला न शोभणारे काही घडले, की जी भावना उसळते ती इंडिग्नेशन. जिथे प्रतिष्ठेची जाणीव नाही, तिथे ही चीड येऊच शकत नाही.

या दोन भावनांची गल्लत होते तेव्हा नेहमी दुर्बळाचे नुकसान होते. आपली चीड ही चिडचिड आहे, असे समोरच्याने ठरवले की त्याला तिचे कारण शोधावे लागत नाही. “याचा स्वभावच तसा” म्हटले की काम झाले. तीन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी एका कचेरीतला वार्षिक शेरा घेऊन माझ्याकडे आला. त्यात त्याला ‘अ‍ॅब्रेसिव्ह’ म्हटले होते. त्याला वाटले, आपल्याला शिवी दिली आहे. मी सांगितले, खरवडणारा, ओरखडे काढणारा, असा त्याचा अर्थ. मग मी विचारले, “तू कोणाला ओरखडे काढलेस का?” तो विचारात पडला. दोन प्रसंग त्याने सांगितले. एका ठिकाणी त्याने सुट्टीच्या वाटपात होणारा भेदभाव दाखवून दिला होता. दुसऱ्या ठिकाणी हाताखालच्या मुलावर तो सर्वांदेखत ओरडला होता. मी म्हणालो, “पहिल्यासाठी हा शब्द तुला लागू नाही, तसं लेखी कळव. दुसऱ्यासाठी लागू आहे. त्या मुलाची माफी माग.” त्याने दोन्ही केले. शब्दाचा नेमका अर्थ कळल्याशिवाय या दोन गोष्टी त्याला वेगळ्या करता आल्या नसत्या.

तिसरी भावना कटुता. आपल्या लेखनाला आणि आपल्या माणसांना इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा लावलेले विशेषण बहुधा ‘बिटर’ हेच असेल. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, त्याच सुमारास आपली कविता, कथा, आत्मकथने मराठी वाचकासमोर जोमाने येऊ लागली, आणि पुढे ती इंग्रजीत गेली. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला बंधुमाधवांच्या ‘विषारी भाकरी’ या कथेवरून नाव दिले गेले. हे नाव मला नेहमी विचार करायला लावते. विषारी भाकरी ज्याच्या पानात पडली, त्याचे तोंड कडू झाले, तर दोष तोंडाचा की भाकरीचा? ‘बिटर’ या शब्दाचा ‘चावणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाशी संबंध आहे. कडू चव जिभेला चावते. ती चव आहे, स्वभाव नव्हे. कडुलिंबाचा पाला कडू लागतो, म्हणून खाणाऱ्याला कोणी कडवट म्हणत नाही.

परंतु न्यायाने बोलायचे तर कटुतेचीही एक दुसरी जात आहे, आणि तिच्याविषयी आपण आपसात फारसे बोलत नाही. इंग्रजीत तिला ‘रँकर’ म्हणतात. तिचे मूळ ‘खवट होणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. तेल किंवा खोबरे फार दिवस झाकून ठेवले की खवट होते. राग तसाच मनात झाकून ठेवला की त्याचे ‘रँकर’ होते. मग मूळ कारण विसरले जाते आणि वास तेवढा राहतो. आपल्या मंडळांत, आपल्या गटागटांत, एकाच नेत्याला वंदन करणाऱ्या दोन माणसांत जे वर्षानुवर्षे चालते, ते पाहून मला हा शब्द आठवतो. तिथे चीड नसते, खवटपणा असतो. त्याला आपण ‘स्वाभिमान’ हे नाव देतो. हेही चुकीचे भाषांतरच आहे, आणि ते दुसऱ्या कोणी आपल्यावर लादलेले नाही.

हा भेद आपल्याला इंग्रजांकडून शिकावा लागतो असे नाही. पाली वाङ्मयात मनाला मलिन करणाऱ्या सोळा उपक्लेशांची गणना आहे. तीत ‘कोध’ आणि ‘उपनाह’ हे दोन शब्द शेजारी-शेजारी, पण वेगवेगळे सांगितले आहेत. कोध म्हणजे राग. उपनाह म्हणजे गाठ मारून ठेवलेला राग, आपण ज्याला अढी किंवा डूख म्हणतो तो. दुसऱ्या एका ठिकाणी भगवान बुद्धांनी माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत : कोणाचा राग दगडावर कोरलेल्या रेघेसारखा, कोणाचा मातीवर ओढलेल्या रेघेसारखा, कोणाचा पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा. ज्या परंपरेत रागाचे इतके बारीक मोजमाप झाले, त्या परंपरेतल्या शाळेने मुलाला ‘अँग्री’ या एकाच शब्दावर थांबवावे, हे बरे नव्हे.

शब्दांचे असे मोजमाप किती कामाचे असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्यासमोर आहे. सुभेदार रामजींनी भीमरावांकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून घेतली, ही हकीकत चरित्रकारांनी नोंदवली आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत होते; पहाटे मुलाला उठवून वडील अभ्यासाला बसवीत. शाळा सुटल्यावर हा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे, आणि तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींशी त्याची ओळख झाली. मॅट्रिक झाल्यावर जी सत्कारसभा भरली तिचे अध्यक्ष, वर ज्यांच्या ठरावाचा उल्लेख आला तेच, बोले होते, आणि त्या वेळी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. भाषांतर पाठमालेपासून बुद्धचरित्रापर्यंतची ही वाट गिरगाव-परळच्या टापूतच चालली गेली, हे मुंबईकरांनी विसरू नये.

त्या घोकलेल्या शब्दांचे पुढे काय झाले? १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषण वाचून मंडळ बिचकले. काही भाग गाळावा, भाषा सौम्य करावी, अशी विनंती झाली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वतःच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्या पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती होत्या. मंडळाला जे बोचक वाटले ते बाबासाहेबांना केवळ नेमके वाटत होते. या दोन शब्दांतला फरक त्यांना पक्का माहीत होता, म्हणूनच ते ठाम राहू शकले.

दुसरा प्रसंग १९४३ चा. न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी रोजी पुण्यात बाबासाहेबांचे भाषण झाले. त्यात त्यांनी रानडे, गांधी आणि जीना यांची तुलना केली. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. आंबेडकर गांधी-जीनांचा द्वेष करतात, असा आरोप झाला. भाषण पुस्तकरूपाने निघाले तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या आरोपाला उत्तर दिले. त्या उत्तरात ‘हेट’ आणि ‘डिस्लाइक’ हे दोन इंग्रजी शब्द त्यांनी एकमेकांपासून वेगळे केले. आपल्याला ही माणसे आवडत नाहीत, हे त्यांनी नाकारले नाही. द्वेष मात्र नाकारला, आणि आपल्या नापसंतीचे मूळ देशावरील प्रेमात आहे, असे सांगितले. विचार करा, एवढ्या मोठ्या वादळात हा माणूस एका शब्दापुरता थांबतो आणि सांगतो, की हा शब्द माझा नाही, तो शब्द माझा आहे. मला यात त्यांचे वकिलीचे शिक्षण दिसते, तसेच परळच्या खोलीतली पाठमालाही दिसते.

कोणी म्हणेल, मुलांना एवढे कडू शब्द कशाला शिकवायचे? मैत्री, करुणा, मुदिता यांचे शब्द शिकवा. ते शिकवावेतच. पण ज्याला आपल्या मनातल्या रागाचे नाव ठाऊक नाही, त्याला तो राग निवळलेलाही ओळखता येणार नाही. दुसरे कोणी म्हणेल, हे सारे मराठीत आहे, मग इंग्रजी कशाला? कारण चार्जशीट इंग्रजीत येते. शेरा इंग्रजीत येतो. ज्या भाषेत आपल्यावर आरोप होतो त्या भाषेत उत्तर देता आले पाहिजे, ही निकड आहे, इंग्रजीचा मोह नव्हे.

निर्भयता आणि कटुता एकत्रच असावी लागतात, हा समजही सोडून द्यावा लागेल. त्यासाठी दादरहून लोकलने जावे इतक्या जवळची एक कथा आहे. पुण्ण नावाच्या भिक्खूने सुनापरांत देशी जाण्याची अनुज्ञा मागितली. हा प्रदेश म्हणजे सोपाऱ्याच्या आसपासचा उत्तर कोकण, असे अभ्यासक मानतात. त्याच सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खननात उजेडात आणला. बुद्धांनी पुण्णाला विचारले, तिथली माणसे कठोर आहेत. ती तुला शिव्या देतील तर? पुण्ण म्हणाला, मी समजेन, ती भली आहेत, हात उगारत नाहीत. हात उगारला तर? मग ढेकळे मारली तर? काठी, शस्त्र, आणि शेवटी जीवच घेतला तर? प्रत्येक पायरीवर पुण्णाचे उत्तर शांत होते. मग बुद्धांनी त्याला जाऊ दिले. हे मुकाट सहन करण्याचे तत्त्वज्ञान आहे, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. पुण्ण घरी बसला नाही. तो गेला, बोलला, आणि त्याच वर्षावासात त्याने शेकडो उपासक-उपासिका मिळवल्या. न थरथरणारा, या अर्थाचा ‘इन्ट्रेपिड’ हा इंग्रजी शब्द मी मुलांना याच कथेने शिकवी. धाडस पूर्ण, डूख शून्य.

एवढे सारे सांगणाऱ्याने स्वतःचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी ज्या शाळेत शिकवत होतो, तिथे एका वर्षी भीमजयंतीच्या कार्यक्रमाची तयारी मी नेहमीप्रमाणे वाटून दिली. भाषणे मुलांकडे, रांगोळी आणि स्वागत मुलींकडे. नववीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, बोलायचं मुलांनीच का? आणि रांगोळी आम्हीच का?” वर्ग हसला. माझी चिडचिड झाली. ती चीड नव्हती, हे आता कळते. मी तिच्या वहीत इंग्रजीत एक शब्द लिहिला : ‘इम्पर्टिनंट’. खाली पालकांची सही मागितली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. परळच्या एका रुग्णालयात ती आया होती, पाळी संपवून तशीच आली होती. तिने वही उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “गुरुजी, एवढा शब्द काय तो सांगा. सही करायची तर कळायला पाहिजे ना, पोरीनं काय केलं ते.”

मला लालबागची चाळ दिसली. दारात उभे असलेले काका दिसले. फरक इतकाच, की या वेळी कागद माझ्या हातचा होता. ‘इम्पर्टिनंट’ म्हणजे मुळात ‘ज्याचा संबंध नाही असा’. त्या मुलीचा त्या प्रश्नाशी संबंध नव्हता, असे मी लिहून दिले होते. चवदार तळ्याच्या पायऱ्या स्त्रियाही उतरल्या होत्या, हे मी दरवर्षी ज्या वर्गात सांगत असे, त्याच वर्गात.

मी त्या माउलीला सांगितले, “तुमच्या मुलीने एक योग्य प्रश्न विचारला. शब्द चुकीचा माझा आहे.” तिच्यासमोर तो खोडला. त्या जयंतीला भाषण त्या मुलीने केले. रांगोळी मुलांनी काढली. ती थोडी वाकडी आली.

म्हणून माझी आपल्या शाळेला आणि पालकांना एक साधी सूचना आहे. आठवीपासून प्रत्येक मुलामुलीने एक वही ठेवावी. दर आठवड्याला असा एक इंग्रजी शब्द घ्यावा. पहिल्या रकान्यात त्याचा अर्थ, दुसऱ्यात त्याचे मूळ आणि शेजारी बसणारा मराठी शब्द, आणि तिसऱ्या रकान्यात एक प्रश्न : हा शब्द कोण कोणाला म्हणतो? वर्षाला तीस शब्द झाले तरी दहावीपर्यंत नव्वद होतील. तेवढे पुरेत. शिक्षकांनीही आपल्या हाताने लिहिलेले शेरे वर्षातून एकदा त्या तिसऱ्या रकान्यावर तपासून पाहावेत. आणि पालकांनो, घरात मुलगी उलट प्रश्न विचारते तेव्हा तुमच्या तोंडी कोणता शब्द येतो, तोही एकदा त्या रकान्यात लिहून पाहा.

आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती कधी ना कधी इंग्रजीतला असा एखादा कागद पडेलच. तो वाचून घ्यायला त्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये. आणि त्याच्या दारात असा कागद घेऊन कोणी आले, तर माझ्यासारखी घाई न करता, त्याने आधी त्या माणसाला बसायला सांगावे, आणि विचारावे, “काका, नेमकं काय झालं होतं?”

जय भीम.